तारा लावल्यात, मग भडंग खायचं की नाही?

परीक्षा संपल्या की सांगली-मिरजेच्या दातांच्या दवाखान्यांत तारा लावून घेणाऱ्या पोरापोरींची रांग वाढते. हल्ली त्यांच्याबरोबर तिशी-चाळिशीतली माणसंही दिसतात. तारा बसवून झाल्या की हातात एक कागद पडतो, काय खायचं नाही त्याचा. कित्येकदा तो कागद परदेशातल्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. त्यात बेगल असतं, प्रेट्झेल असतं, टाको असतो. तासगावच्या पोराला बेगल कशाशी खातात हेच ठाऊक नसतं, ते बंद झालं म्हणून त्याचं काही अडत नाही. पण भडंगाचं काय, उसाच्या कांड्याचं काय, आजीनं मुठीत कोंबलेल्या बेदाण्यांचं काय, याबद्दल तो कागद गप्प असतो.

मग घरात दोन तट पडतात. आई सगळंच बंद करून पोराला वरणभातावर बसवते. आजोबा म्हणतात, काय होत नाही, खा तू. दोघंही अंदाजानं बोलतात, कारण दातावर नेमकं काय चिकटवलंय आणि ते कशानं निघतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तेवढं कळलं तर यादी पाठ करायची गरज उरत नाही. समोर आलेल्या ताटाचा निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

दातावर बसवलंय तरी काय?

तीन गोष्टी. प्रत्येक दातावर चिकटवलेली धातूची किंवा सिरॅमिकची छोटी ठोकळी, तिला ब्रॅकेट म्हणतात. सगळ्या ब्रॅकेटांच्या खाचेतून ओवलेली एक तार. आणि ती तार खाचेत धरून ठेवणारी बारीक रबरी कडी, पोरं जिचे रंग निवडत बसतात ती. मागच्या दाढांवर ब्रॅकेटऐवजी छोटी नळी किंवा कडं असतं.

खरं काम तार करते. सुरुवातीची तार निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. वाकवली तरी ती आपल्या मूळ आकाराकडे परत यायला बघते आणि येताना दाताला हळूहळू ओढते. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर झिजवतं आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथं नवं हाड भरतं. अशानं दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दीड-दोन वर्षं लागतात ती यामुळे. डॉक्टर उगाच लांबण लावत नाहीत.

ब्रॅकेट चिकटवण्याची युक्ती तशी अलीकडची. 1955 साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतसंशोधकानं दाखवलं, की दाताच्या वरच्या चकचकीत थरावर, म्हणजे इनॅमलवर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावलं तर त्यात अतिसूक्ष्म खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत राळ घट्ट रुतून बसते. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरतात, त्यावरून त्याला हे सुचलं होतं. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचं अख्खं कडं घालावं लागे.

गोंद मुद्दाम बेताचाच असतो

कागदावर जे कुणी लिहीत नाही ते हेच. ब्रॅकेटचा गोंद कायमचा घट्ट करता येत नाही म्हणून बेताचा ठेवलेला असतो असं नाही. तो जाणूनबुजून तसा ठेवतात. दोन वर्षांनी ब्रॅकेट काढायचंच आहे, आणि काढताना दाताचा टवका उडता कामा नये.

आकडे पाहा. दात सरकवायला तारेला लागणारा जोर असतो साधारण 35 ते 120 ग्रॅम, म्हणजे एखाद्या लिंबाच्या वजनाइतका. ब्रॅकेटची पकड किती हवी याचा 1975 सालापासून चालत आलेला आकडा आहे चौरस मिलिमीटरमागे 6 ते 8 न्यूटन (दहा न्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा जोर). ब्रॅकेटचा तळ 10 ते 12 चौरस मिलिमीटरचा धरला, तर ही पकड सहा ते दहा किलोंच्या आसपास जाते. तारेच्या जोरापेक्षा कितीतरी पट जास्त. पण आपल्या दाढा चावतात त्या 50 ते 70 किलोंच्या जोरानं. घास थेट ब्रॅकेटवर आला तर कोण हरणार हे सांगायला नको.

त्यातही जोर कुठून येतो याला महत्त्व आहे. न्हाणीघरातल्या टाइलवर चिकटवलेला हूक आठवा. त्याला भरलेली बादली अडकवा, तो पेलतो. पण त्याच्या कडेखाली चमच्याचं टोक घालून उचला, टुक्कन निघून येतो. ब्रॅकेटचं अगदी तसंच आहे. नुसता कडकपणा त्याचा खरा वैरी नाही. कडेखाली शिरून उचकटणारी, ओढणारी, बाजूनं ढकलणारी वस्तू ही त्याची वैरी. पेरूचा करकचून तोडलेला लचका, उसाच्या सालीची ओढ, हाडाच्या टोकाशी केलेली झटापट, ही सगळी कडेखालून उचकटण्याची कामं आहेत.

म्हणून काय खाता यापेक्षा घास तोंडात कसा जातो हे आधी बघायचं. तोडण्याचं काम सुरीवर आणि हातावर सोपवा, पुढच्या दातांवर नको. दाढांनी चावा, आणि सावकाश.

भडंग, ऊस, हुरडा, मटण

आता आपल्या ताटाकडे येऊ. भडंगातला मुरमुरा गुन्हेगार नाही, तो दाढेखाली लगेच दबतो. गुन्हेगार आहेत त्यातले शेंगदाणे, डाळं आणि तळून कडक झालेल्या लसणाच्या पाकळ्या. ते वेचून बाजूला काढा आणि उरलेल्यात कांदा, टोमॅटो, थोडं दही घालून पाच मिनिटं ओलं होऊ द्या. कोरड्या भडंगाची मजा त्यात नाही हे कबूल आहे. दीड वर्षासाठी चालवून घ्यावं. ओला मुरमुरा मात्र लगदा होऊन तारेखाली जाऊन बसतो, त्यामुळे वर पाणी पिऊन चूळ भरणं आलंच.

उसाबद्दल तडजोड नाही. दातांनी साल सोलणं म्हणजे ब्रॅकेट उचकटण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग, आणि गळिताच्या हंगामात शेतावर गेलेल्या पोरांचे ब्रॅकेट असेच जातात. दुसऱ्यानं सोलून गंडेऱ्या करून दिल्या तरी चोथा तारेत गुंततो आणि तो ओढून काढताना तार वाकते. रसवंतीवरचा रस चालेल, पण बर्फ न घालता, आणि जेवणाला जोडून. का, ते पुढे येईल.

हुरड्याची गोष्ट बरी आहे. कोवळा हुरडा मऊ असतो, नीट चोळून कूस उडवून घेतला तर निर्धास्त खा. निबर झालेली कणसं नकोत. मक्याचं कणीस दातांनी ओरबाडायचं नाही, दाणे काढून उकडून घ्यायचे. भुईमुगाच्या शेंगा उकडलेल्या चालतात, पण टरफल हातानं फोडायचं. दातांनी शेंग फोडायची सवय एवढी अंगवळणी पडलेली असते, की माणूस टीव्ही बघताबघता तारेसकट फोडून मोकळा होतो.

भाकरी ताजी, मऊ असेल तर अडचण काहीच नाही. शिळी भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खावी, तसंही ती तशीच जास्त चांगली लागते. या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. अख्खा मसूर, पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या, आंबील, हे सगळं मऊ आणि पोटभरीचं. तारा लावल्या म्हणून वाढत्या वयाच्या पोराला नुसत्या दूधबिस्किटांवर ठेवण्याचं काही कारण नाही.

मटणाचा रस्सा खुशाल ओरपा. मटण चांगलं शिजवून हाडावरून हातानं सोडवून घ्या. नळी फोडायची नाही, ती दुसऱ्याला द्या, घरात घेणारा असतोच. फळांत द्राक्षं, केळी, पपई निर्धोक. पेरू आणि सफरचंदाच्या पातळ फोडी करा. आंब्याची कोय चोखायची नाही, बोरं आणि सीताफळं खाताना बीकडे लक्ष ठेवा. सातारकरांसाठी सांगायचं तर कंदी पेढा मऊ असतो, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर त्याहून मऊ. ब्रॅकेटला दोन्हींपासून धोका नाही. पेढ्यातल्या साखरेचा धोका वेगळा.

सणासुदीला चकली आणि कडबोळं यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. रव्याचा किंवा बेसनाचा लाडू, करंजी हे चालतं. संक्रांतीला काटेरी हलवा आणि पाकातली कडक वडी सोडा, मऊ तिळाचा लाडू घ्या. चिक्की, च्युइंगम, चिकट टॉफी हे तिन्ही पूर्ण बंद. आणि पेनाचं टोपण, नखं आणि सुतळीची गाठ हे काही अन्न नव्हे, पण दातांत जातं म्हणून सांगितलं.

पहिले तीन-चार दिवस इतकं दुखतं ते का?

तारा बसवल्यावर किंवा आवळल्यावर दुखणं लगेच सुरू होत नाही. काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरतं. मुळाभोवतीच्या त्या तंतूंच्या थरावर दाब येऊन तिथं सूज येते, तिचं हे दुखणं. दात किंचित हलल्यासारखे वाटतात, तेही स्वाभाविक आहे. या दिवसांत मऊ खिचडी, दहीभात, पेज, उपमा असं दाढांवर फार काम न टाकणारं खावं. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, कारण काही वेदनाशामकं ज्या सुजेवर काम करतात त्याच सुजेचा दात सरकण्याशी संबंध असतो. थंड पाण्याचा घोट तोंडात धरला तर बरं वाटतं. निकेल-टायटॅनियमची तार थंडीत तात्पुरती नरम पडते, तिचा ओढा कमी होतो.

काहींच्या दाढांवर निळ्या रंगाच्या सिमेंटचे उंचवटे बसवलेले असतात. वरचे दात खालच्या ब्रॅकेटांवर आपटू नयेत म्हणून ते असतात. पहिला आठवडाभर घास नीट चावता येत नाही, माणूस वैतागतो, पण ते आपल्या हातानं खरवडून काढू नयेत.

आणि हळदीचं काय?

सांगलीत हा प्रश्न टाळून कसं चालेल. इथली बाजारपेठ हळदीवर उभी आहे आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, धातूच्या ब्रॅकेटला किंवा तारेला धरत नाही. ते धरतं रबरी कड्यांना. पारदर्शक किंवा पांढऱ्या कड्या घातल्या तर पहिल्याच आमटीनंतर त्या पिवळ्या दिसतात. सिरॅमिकचे दाताच्या रंगाचे ब्रॅकेट जास्त पैसे मोजून घेणाऱ्यांची इथं निराशा होते. ब्रॅकेट पांढरं राहतं, कडी पिवळी होते आणि दुरून सगळे दातच पिवळे वाटतात.

यात आरोग्याला अपाय काही नाही. कड्या दर चार ते सहा आठवड्यांनी बदलल्याच जातात. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात फिकट होतो, पण तोंड उघडून गच्चीवर बसा असं कुणी सुचवू नये. करड्या, गडद निळ्या किंवा जांभळ्या कड्या निवडाव्यात. लग्न किंवा फोटोचा कार्यक्रम असेल तर कड्या बदलायची तारीख त्याच्या आदल्या दिवशीची घ्यावी. हळद सोडायची काही गरज नाही.

ब्रॅकेट तुटण्यापेक्षा वाईट गोष्ट

तुटलेलं ब्रॅकेट पुन्हा चिकटवता येतं. इनॅमल पुन्हा उगवत नाही. माझ्या मते यादीत सर्वांत वर हे असायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या ओळीत असतं.

तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की काही मिनिटांत दातावरची आम्लता वाढते. आम्लता वाढली की तिचं माप, म्हणजे सामू (pH), खाली येतो. तो 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम विरघळू लागतं. लाळ हे हळूहळू सावरते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. तारा असल्या की प्रत्येक ब्रॅकेटभोवती अन्न अडकायला कोपरे तयार होतात, तिथं लाळ पोचत नाही आणि ब्रशही नीट फिरत नाही. अशा ठिकाणी दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात. किडीची ती पहिली पायरी. निष्काळजी तोंडात ते चार आठवड्यांतसुद्धा दिसू शकतात. दोन वर्षांनी तारा निघतात, दात सरळ झालेले असतात आणि प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट उरते.

यात साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं ठरतं. दुपारच्या जेवणाबरोबर दोन पेढे एकदम खाल्ले तर दातावर आम्लाचा एकच मारा होतो. तेच पेढे कुरतडत दिवसभर खाल्ले तर मारा दिवसभर चालतो. आता बेदाण्यांकडे बघा. मऊ आहेत, पौष्टिक आहेत, तासगावचा अभिमान आहेत, ब्रॅकेटला त्यांचा धक्काही लागत नाही. पण ते चिकट आणि साखरेनं भरलेले असतात. खिशात ठेवून येताजाता एकेक तोंडात टाकणं हे तारावाल्या दातांसाठी चिक्कीइतकंच वाईट. रात्री भिजत घालून सकाळी न्याहारीबरोबर खा आणि चूळ भरा. चहाचंही तेच. दिवसाला सहा वेळा गोड चहा पिणाऱ्या मोठ्या माणसानं तारा लावण्याआधी हा हिशेब करावा. बाटलीतली फसफसणारी पेयं तर साखर आणि आम्ल दोन्ही घेऊनच येतात.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ. दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा झोपण्याआधी, 1000 ते 1450 पीपीएम फ्लोराइड असलेल्या पेस्टनं ब्रश, तारेच्या वरून आणि खालून तिरका धरून. दोन ब्रॅकेटांच्या मध्ये जाणारा बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो घ्याच. आंबट काही खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून ब्रश करा. बोटानं मीठ, राख किंवा दंतमंजन घासणं तारेखाली पोचत नाही, आणि मिश्री तर तंबाखूच आहे.

“शेजारच्या पोरानं सगळं खाल्लं, त्याला काही झालं नाही”

होऊ शकतं. प्रत्येकाचा चावा वेगळा असतो. ज्यांचे वरचे दात खालच्यांवर खोल झाकतात त्यांचे खालचे ब्रॅकेट सहज निघतात, ज्यांचे तसे नसतात ते सुटतात. शिवाय ब्रॅकेट निघालेलं कळतच नाही असंही घडतं. ते तारेवर ओवलेलं असतं, त्यामुळे पडत नाही, नुसतं तिथंच फिरत राहतं. दुखत नाही म्हणून पोरगं काही बोलत नाही.

एक ब्रॅकेट निघालं तर बिघडलं काय, हा पुढचा प्रश्न. बिघडतं ते वेळेचं. त्या दाताला तारेचा ओढा लागत नाही, तो रेंगाळतो किंवा मागे फिरतो. तेवढ्यात जाड तारेवर आलेले उपचार पुन्हा बारीक तारेवर न्यावे लागतात. जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूला हा फटका जास्त बसतो. तिथल्या कित्येक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचे खास शिक्षण घेतलेले दंतवैद्य, रोज नसतात, महिन्यातून ठरल्या दिवशी येतात. ते येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट निघालं तर पुढची वारी येईपर्यंत दात तसाच. अशा वेळी फोन करून कळवावं, गरज असेल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं किंवा कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडकडच्यांना कृष्णा विद्यापीठाचं जवळ पडतं. दुसरीकडे जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

तोवर घरी काय करायचं? निघालेलं ब्रॅकेट फेविक्विकनं चिकटवायचं नाही, हे लिहावं लागतंय कारण लोक करतात. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर दवाखान्यातून मिळालेल्या मेणाची गोळी त्यावर दाबून लावा. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुतेक वेळा ते शौचावाटे निघून जातं, तरी डॉक्टरांना कळवावं. पण त्यानंतर सतत खोकला येत असेल किंवा श्वास अडकत असेल तर ते श्वासनलिकेत गेलेलं असू शकतं. तेव्हा दातांचा दवाखाना शोधू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

मग पारदर्शक अलाइनरच का नको घ्यायला?

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायची पारदर्शक, काढता-घालता येणारी खोळ. जेवताना ती काढता येते, त्यामुळे खाण्याची बंधनं जवळजवळ संपतात. पण ती दिवसाला 20 ते 22 तास घालावी लागते. म्हणजे सगळं खाणंपिणं उरलेल्या दोन ते चार तासांत. चार वेळा चहा, मधून भजी, रात्री गप्पा मारत शेंगा, अशी जगण्याची रीत असेल तर खोळ डबीत जास्त आणि तोंडात कमी राहते, आणि पैसे पाण्यात जातात. ती घालून चहा प्यायला तर साखर खोळीच्या आत कोंडून राहते. शिवाय प्रत्येक प्रकारचे दात तिनं सरळ होतातच असं नाही. ज्याला स्वतःच्या सवयीचा भरवसा नाही त्यानं चिकटवलेल्या ताराच घ्याव्यात, त्या विसरता येत नाहीत.

तारा निघाल्यावर

तारा काढल्या त्या दिवशी पोरं पहिल्यांदा पेरूच्या गाडीकडे पळतात. थोडं थांबा. दात जुन्या जागी परत जायला बघतात म्हणून त्यांना नव्या जागी धरून ठेवणारं साधन, म्हणजे रिटेनर, देतात. काहींना पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवलेली असते. ती त्याच गोंदानं चिकटवलेली असते, त्यामुळे पुढच्या दातांनी ऊस सोलणं त्यांना तेव्हाही बंदच. ज्यांना काढता-घालता येणारा रिटेनर दिलाय त्यांनी तो जेवताना काढून डबीत ठेवावा. लग्नाच्या पंगतीत तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, की पत्रावळीबरोबर गेलाच म्हणून समजा. आणि स्वच्छ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात टाकू नका. तो वाकतो, आणि मग नवा करावा लागतो.